पेट्रोलचा वास येतो, पण थेंब दिसत नाही

सकाळी पार्किंगमध्ये गाडीजवळ गेल्यावर पेट्रोलचा वास यावा, वाकून पाहिले तर खालची फरशी कोरडी असावी, बॉनेट उघडून पाहिले तरी ओल कुठेच नसावी, आणि गॅरेजमध्ये नेईपर्यंत वासही नाहीसा व्हावा, हा अनुभव मुंबईतल्या अनेक गाडीमालकांना आलेला आहे. माझ्या आठ वर्षांच्या गाडीने मला यात दोन महिने घालवायला लावले. पहिल्या गॅरेजने टाकीतली वाफ अडवणारा कोळशाचा डबा बदलला, दुसऱ्याने टाकीचे झाकण बदलले, आणि दोन्ही बिले भरूनही मुलुंडच्या आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वास येतच राहिला. दोष शेवटी सापडला तो भांडुपच्या एका गॅरेजमध्ये, आणि तो होता शेदोनशे रुपयांच्या रबरी नळीत. त्या निमित्ताने पेट्रोलची वाफ रोखणाऱ्या यंत्रणेविषयी जे समजून घेतले, ते इथे सविस्तर मांडतो. ही गळती अंदाजाने सुटे भाग बदलून सापडत नाही. ती क्रमाने शोधावी लागते, आणि तो क्रम गाडीमालकालाही समजण्यासारखा आहे.

आधी वाफेविषयी. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात आणि जड घटकांना २०० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले तापमानच ३३-३४ अंशांपर्यंत जाते, उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी त्याहून तापते, आणि चालत्या गाडीत खालून डांबरी रस्त्याची उष्णता मिळते ती वेगळीच. त्यामुळे गाडी बंद असो वा चालू, टाकीत वाफ सतत तयार होत असते. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि तळघरासारख्या जागी कोपऱ्यांत साचून राहते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापर्यंत गेले की ठिणगी पुरेशी असते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते, जे कर्करोगाला कारणीभूत ठरते. म्हणूनच आपल्याकडे पेट्रोलमधील त्याचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असे बंधन आहे. बाहेरच्या हवेत गेलेली ही वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रहस्य आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडले, आणि कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलांपासून गाडीतल्या वाफेवर नियंत्रण सक्तीचे केले.

त्या सक्तीतून जी यंत्रणा आली तिला बाष्प उत्सर्जन नियंत्रण यंत्रणा म्हणतात. गॅरेजमध्ये तिला सरळ ‘इव्हॅप’ म्हणतात. तिची कल्पना साधी आहे. टाकीतली वाफ एका नळीने प्लॅस्टिकच्या डब्यात नेली जाते. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात आणि त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमच्या आतल्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरते. वाफेचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की संगणक पर्ज व्हॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी झडप उघडतो, इंजिनाच्या इनटेकमधल्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गातल्या, ओढीने डब्याच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते, कोळशाला चिकटलेली वाफ सोबत घेते आणि इंजिनात जाऊन जळते. म्हणजे डबा रात्रभर भरतो आणि दिवसा रिकामा होतो. ताजी हवा ज्या तोंडातून येते त्याला व्हेंट म्हणतात. काही गाड्यांत त्यावरही झडप असते, तर आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत ते कायम उघडे असते. हा फरक पुढे चाचणीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

भारतातही या वाफेला मर्यादा आहे. नव्या मॉडेलची गाडी बंद खोलीत ठेवून, तिला तापवून आणि निववून, खोलीत किती हायड्रोकार्बन जमा झाले ते मोजतात, आणि त्या पूर्ण चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. दोन ग्रॅम पेट्रोल म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा! नव्या गाडीकडून एवढी कसोशी अपेक्षित असताना जुन्या गाडीची तपासणी मात्र यापासून पूर्णपणे दूर राहते. पीयूसी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घालून बाहेर पडणारा वायू मोजला जातो. टाकीच्या झाकणातून किंवा फाटक्या नळीतून निसटणारी वाफ त्या नळीपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या गाडीची पीयूसी या दोन महिन्यांत एकदा काढली गेली आणि ती निर्विघ्नपणे पास झाली.

मग डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा का लागला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. याचे उत्तर अमेरिका आणि आपण यांच्या नियमांतील फरकात आहे. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या, गाडीच्या संगणकाने दोष ओळखण्याच्या, पद्धतीत गाडीने स्वतःच स्वतःची गळती तपासावी लागते. सुरुवातीला १ मिलिमीटर व्यासाचे छिद्र ओळखणे अपेक्षित होते, आणि २००० च्या सुमारास ही अपेक्षा अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली. त्यासाठी गाडी व्हेंट बंद करते, पर्ज व्हॉल्व्ह उघडून टाकीत थोडी पोकळी निर्माण करते, मग तोही बंद करून ती पोकळी किती वेळ टिकते ते दाबमापक सेन्सरवर पाहते. आणखी एक पद्धत तर इंजिन बंद झाल्यावर चालते. गरम भाजीचा स्टीलचा डबा घट्ट झाकून ठेवला की गार झाल्यावर त्याचे झाकण आत ओढले जाते आणि सहज निघत नाही. तसेच बंद केलेली टाकी निवू लागली की तिच्यात आपोआप पोकळी तयार व्हायला हवी. ती झाली नाही, तर हवा कुठून तरी आत येते आहे. अशा गाड्यांत स्कॅनर लावला की पी ०४५५ हा कोड मोठी गळती दाखवतो, पी ०४४२ लहान, पी ०४५६ अतिशय बारीक, आणि पी ०४५७ बहुधा झाकण सैल असल्याचे सांगतो. आपल्याकडच्या गाड्यांत मात्र युरोपीय पद्धतीप्रमाणे प्रामुख्याने पर्ज व्हॉल्व्हची विजेची जोडणी तपासली जाते. वायर तुटली तर दिवा लागेल. नळीला भेग पडली तर बहुतेक गाड्यांना ते कळणारही नाही. म्हणून ‘स्कॅनरमध्ये काही येत नाही, गाडी ठीक आहे’ हे गॅरेजमधले उत्तर या दोषाच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.

शोधाची सुरुवात वास नेमका कशाचा आहे हे ठरवण्यापासून करावी. मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांत पेट्रोलची टाकीही असते. सीएनजीत मुद्दाम मिसळलेला वास कुजक्या अंड्यासारखा असतो आणि तो वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. पेट्रोलचा वास गोडसर, तिखट असतो आणि जमिनीलगत जास्त जाणवतो. वास सीएनजीचा असेल तर पुढचे सर्व काम थांबवून, गाडी मोकळ्या हवेत ठेवून, सीएनजी किटच्या अधिकृत केंद्राकडेच जावे. पेट्रोलचा असेल तर आधी द्रवाची गळती नाही याची खात्री करावी. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल तीन-चार बारच्या दाबाने वाहत असते, आणि तिथे ओल दिसली तर तो वाफेचा प्रश्न राहत नाही. अशी गाडी चालवूच नये.

दुसरी खूण म्हणजे वास कधी येतो. माझ्या गाडीचा वास टाकी पूर्ण भरल्यानंतरचे दोन-तीन दिवस येई आणि टाकी अर्धी झाली की नाहीसा होई. ही गोष्ट मी दोन्ही गॅरेजना सांगितली होती, पण तिचा अर्थ कोणी लावला नाही. टाकी भरलेली असतानाच वास येत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात असण्याची शक्यता खूप वाढते: भरण्याच्या नळीचा गळा, त्याला समांतर जाणारी हवेची बारीक नळी, किंवा मागच्या सीटखाली असलेल्या पेट्रोल पंपाच्या झाकणाचे रबरी सील. उलट, पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी चालू व्हायला कुरकुर करत असेल, तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर जातो, कारण तो उघडाच अडकला असेल तर टाकीतली वाफ नको त्या वेळी इंजिनात शिरते आणि मिश्रण बिघडते.

कुकरची शिटी होत नसेल तर आपण आधी रिंग पाहतो, कुकर बदलत नाही. टाकीच्या झाकणाचेही तसेच आहे. झाकणाची रबरी रिंग बोटाने चाचपून पाहावी. ती कडक झाली असेल, तिच्यावर आडव्या भेगा असतील किंवा टाकीच्या तोंडाचा ठसा तिच्यावर सर्वत्र सारखा उमटलेला नसेल, तर ती बदलावी. झाकण ‘टक् टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवायचे असते, आणि पंपावर घाईत ते पुष्कळदा फिरवले जात नाही. पंपाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नोझल स्वतःहून बंद झाल्यावर रक्कम ‘राउंड’ करण्यासाठी आणखी पेट्रोल भरू देऊ नये. टाकीच्या वर ठेवलेली रिकामी जागा वाफेसाठी असते. ती पेट्रोलने भरली की द्रव पेट्रोल नळीतून कोळशाच्या डब्यात उतरू शकते, आणि ओला झालेला कोळसा पूर्वीसारखा काम करत नाही. पंपावरच्या कर्मचाऱ्याला ‘दादा, ऑटो कटवरच थांबवा’ एवढे म्हटले की पुरे.

झाकणानंतर नळ्या. आपल्या शहरात त्यांचे शत्रू बरेच आहेत. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल मागच्या चाकाच्या पोकळीत साचून भरण्याच्या पत्र्याच्या गळ्याला गंज आणतात. पार्किंगमधले उंदीर इंजिनजवळच्या रबरी आणि प्लॅस्टिकच्या नळ्या कुरतडतात. उंच स्पीडब्रेकरवर गाडीचा तळ घासला तर टाकीजवळ बसवलेल्या डब्याला तडा जातो. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग त्यासाठी बनलेले नसल्याने ते फुगतात किंवा कडक होतात. टॉर्च आणि आरसा घेऊन एवढी पाहणी शांतपणे केली तर बराच उलगडा होतो. नळी फक्त वरून पाहू नये. क्लिपच्या कडेला ती दोन बोटांत वाकवून पाहावी, कारण भेग बहुधा तिथेच पडते आणि सरळ स्थितीत मिटलेली राहते.

पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. वीज नसताना ही झडप पूर्ण बंद असायला हवी. हवा ओढून घेणाऱ्या छोट्या हातपंपाने तिच्या एका तोंडाला ओढ द्यावी आणि पंपावरचा काटा जागेवर टिकतो का ते पाहावे. मग १२ व्होल्टचा पुरवठा दिल्यावर ‘टिक्’ असा आवाज होऊन ओढ सुटली पाहिजे. काही जण नळी तोंडात धरून फुंकून पाहतात. तसे कधीही करू नये. त्या नळीत पेट्रोलची वाफ असते.

एवढे करूनही काही सापडले नाही, तर स्मोक टेस्टशिवाय पर्याय नाही. सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतात. टाकी आणि तिच्या नळ्या घमेल्यात बुडवता येत नाहीत, म्हणून त्यांच्यात हलक्या दाबाने धूर भरतात. हा धूर खनिज तेल तापवून तयार केलेला असतो. दाब अतिशय कमी ठेवावा लागतो, साधारण ३३ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. हा दाब टायरमधल्या दाबाच्या साठाव्या भागाइतकाही नसतो. भांडुपच्या मेस्त्रींनी धूर ढकलण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा न वापरता एसीच्या कामासाठी ठेवलेला नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटर लावून जोडला, तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडणे दोन कारणांनी धोक्याचे आहे: तिच्या दाबाने टाकी आणि सील फुटू शकतात, आणि तिच्यातला ऑक्सिजन पेट्रोलच्या वाफेत मिसळून स्फोटक मिश्रण तयार करू शकतो. नायट्रोजनमुळे आग लागण्याचा प्रश्न मिटतो. ही चाचणी घरी यूट्यूब पाहून बनवलेल्या डब्याने करण्याची गोष्ट नाही.

त्यांनी पर्ज व्हॉल्व्हजवळची नळी काढून तिथे यंत्राची नळी बसवली. माझ्या गाडीचे व्हेंट कायम उघडे राहणारे होते. त्यांनी ते लगेच बंद केले नाही. ‘घाई करू नका, धूर आधी सगळीकडे फिरू द्या,’ असे ते म्हणाले. यामागे विचार होता. व्हेंटमधून धूर बाहेर येताना दिसला की मधला डबा तुंबलेला नाही हे कळते. टाकीत पाव भागच पेट्रोल होते, म्हणजे पंचवीसेक लिटर रिकामी जागा धुराने भरायची होती; त्याला काही मिनिटे लागली. व्हेंटमधून पांढरी रेघ निघाल्यावर त्यांनी तिथे रबरी बूच लावले आणि यंत्रावरच्या काचेच्या उभ्या नळीकडे बोट दाखवले. त्या नळीत एक छोटी गोळी असते. यंत्रणा हवाबंद असेल, तर दाब भरल्यावर प्रवाह थांबतो आणि गोळी तळाशी बसते. आमची गोळी नळीच्या मध्यावर थरथरत राहिली. गळती आहे हे तिथेच सिद्ध झाले. ती कुठे आहे एवढेच उरले.

त्यांनी पंखा बंद केला, शटर अर्धे खाली ओढले आणि टॉर्च तिरकी धरली. बारीक धूर समोरून मारलेल्या उजेडात दिसत नाही. बाजूने उजेड पडला आणि मागे काळोख असला तरच तो उठून दिसतो. झाकणापाशी काही नव्हते, त्यामुळे नवे झाकण विनाकारण घेतले गेले हे स्पष्ट झाले. मागची सीट उचलून पंपाचे सील पाहिले. तेही कोरडे आणि शांत. मग मागचे चाक काढून त्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा सोडवला, तेव्हा वाळलेल्या चिखलाच्या थराखालून उदबत्तीच्या धुरासारखी एक रेघ सरळ वर जाताना दिसली. भरण्याच्या गळ्याला समांतर जाणाऱ्या हवेच्या नळीला, तारेच्या क्लिपच्या अगदी खाली, अर्धा पेरभर भेग होती. नळी हाताने वाकवली की भेग उघडे आणि सोडली की मिटे. टाकी भरलेली असताना वळणावर पेट्रोल त्या उंचीपर्यंत हिंदकळत असणार आणि भेगेतून वाफ निसटत असणार. टाकी अर्धी झाली की तिथवर काही पोहोचत नसे. दोन महिने मी सांगत असलेल्या लक्षणाचा अर्थ असा त्या एका रेघेत डोळ्यांसमोर होता.

प्रत्येक गॅरेजकडे स्मोक मशिन नसते. अशा वेळी एक कमी खर्चाची युक्ती उपयोगी पडते. वायुविश्लेषक यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये त्याची नळी सायलेन्सरऐवजी झाकणाभोवती, डब्याभोवती आणि टाकीच्या वरच्या कडेने सावकाश फिरवावी. पडद्यावरचा हायड्रोकार्बनचा आकडा जिथे एकाएकी वाढेल, तिथे वाफ निसटते आहे. यासाठी गाडी मोकळ्या पण वारा नसलेल्या जागी हवी, आणि नळी द्रव पेट्रोलला लागता कामा नये. यातून भेगेचा नेमका बिंदू कळत नाही, पण कोणता भाग उघडून पाहायचा ते निश्चित ठरते. हाताला पोहोचणाऱ्या जोडांवर, यंत्रणेत हलका दाब असताना, साबणाचे पाणी लावूनही बुडबुडे पाहता येतात.

दुरुस्तीनंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी केली जात नाही, आणि गाडीमालकाने आग्रह धरावा अशी तीच एक गोष्ट आहे. गळत्या पुष्कळदा दोन असतात. मोठी बंद होईपर्यंत लहान दिसत नाही, कारण सगळा धूर सोप्या वाटेने निघून जातो. ज्या गाड्यांत कोड येतो, तिथे तो पुसून टाकला म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण गाडीची स्वतःची तपासणी टाकीत ठरावीक पातळीचे पेट्रोल असताना आणि इंजिन थंड असतानाच सुरू होते, आणि तिला काही दिवस लागू शकतात. माझ्या गाडीला नवी नळी आणि नवी क्लिप बसवल्यावर मेस्त्रींनी पुन्हा धूर सोडला, व्हेंटमधून तो दिसल्यावर बूच लावले आणि आम्ही दोघे काचेच्या नळीकडे पाहत उभे राहिलो. गोळी आधी वर गेली, हळूहळू खाली उतरली आणि तळाशी जाऊन बसली. त्यानंतरही त्यांनी घड्याळ लावून पाच मिनिटे वाट पाहिली, आणि मगच चाक परत बसवायला घेतले.